कोपऱ्यातले प्रेक्षक

सिनेमा करायला घेतल्यावर ताईला कळलं, की सगळ्यात महाग वस्तू म्हणजे गर्दी. पाऊस नळीने पाडता येतो. दुपारची संध्याकाळ करता येते. स्वयंपाकघराचं हॉस्पिटल तर तिने दोन पांढऱ्या चादरींत उभं केलं होतं. पण माणसांनी भरलेलं थिएटर दाखवायचं तर माणसंच लागतात, आणि ताईच्या सिनेमात माणसं म्हणजे घरची मंडळी. धाकटा भाऊ कॅमेऱ्यावर. त्याची बायको संकलक, म्हणजे घेतलेले तुकडे कापून जोडणारी. मामा व्यवस्थापक, ड्रायव्हर आणि खलनायक. नायिका आत्या. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली आत्या पहिल्या दिवशी 'अॅक्शन' ऐकून मागे वळून बघत म्हणाली होती, "कुणाला म्हणतेस गं?"

बाकी चुलतभावंडं, त्यांच्या बायका, झालंच तर शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर. एवढ्यावर सिनेमाचा संसार चालला होता.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी नटी कितीतरी वर्षांनी पुन्हा रंगमंचावर उभी राहते आणि शेवटी भरलेलं सभागृह तिच्यासाठी टाळ्या वाजवतं. त्या टाळ्या नसतील तर सिनेमाच नाही. आणि हा सिनेमा चालला नाही तर पुढचाही नाही, कारण धाकट्याला परगावच्या एका कारखान्यात नोकरी चालून आली होती. यंत्रांचे माहितीपट काढायचे, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. "आपला सिनेमा आठवडाभर टिकला तर नाही म्हणतो," त्याने सरळ सांगितलं होतं. "नाही टिकला तर मात्र जातो, ताई. दात कोरून पोट भरत नाही."

ताईला हे पटत होतं, म्हणूनच झोंबत होतं. लहानपणी खोक्याला भोक पाडून भिंतीवर चित्रं दाखवायचा तेव्हापासून तिच्या डोक्यातलं त्याच्या डोळ्याला आधी दिसे. त्याच्यावाचून सिनेमा करायचा ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

गर्दीवर युक्ती काढली तीही धाकट्यानेच. गावातल्या जुन्या थिएटरात, पडद्यापुढच्या लाकडी मंचावर, खुर्च्यांकडे तोंड करून कॅमेरा पक्का ठोकायचा. आधी रिकाम्या हॉलचा शॉट घ्यायचा. मग सगळ्यांनी पुढच्या डाव्या खुर्च्यांत बसून टाळ्या वाजवायच्या. उठायचं, शेजारच्या भागात जायचं, कोट-टोप्या-चष्मे बदलायचे, पुन्हा टाळ्या. असा अख्खा हॉल पालथा घालायचा. नंतर भावजय संगणकावर ते तुकडे एका चित्रात जोडणार आणि मूठभर माणसांचं थिएटर भरणार. फक्त कॅमेरा केसभरही हलता कामा नये. "शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंका," धाकट्याने बजावलं.

सकाळच्या खेळाआधी थिएटर मोकळं मिळालं. मामा एका भागात मिशीवाला साहेब झाला आणि पुढच्या भागात डोक्याला रुमाल बांधून त्या साहेबाची बायको. पोस्टमास्तर इतक्या वेळा उठले-बसले की त्यांच्या गुडघ्यांचा आवाज टाळ्यांहून मोठा येऊ लागला. आत्या कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून सगळं शांतपणे पाहत होती. मागचा उजवा कोपरा तेवढा उरला आणि दारात मालक ओरडायला लागला. त्याचे खरे प्रेक्षक आले होते. सगळ्यांनी कोट-टोप्या कवटाळून मागच्या दाराने पळ काढला. ताईला वाटलं, धाकट्याने तो कोपरा आधीच उरकलाय. धाकट्याला वाटलं, ताईने तो अंधारात सोडायचं ठरवलंय. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

पुढच्या आठवड्यात भावजयीने जोडलेला प्रसंग लावून दाखवला. हॉल गच्च भरलेला, टाळ्या कडाडताहेत. धाकटा खुर्चीतून उडालाच. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती जवळ वाकली.

"मागचा उजवा कोपरा कधी घेतलात?"

"तेच मी विचारणार होते," भावजय म्हणाली. "त्या कोपऱ्याचा वेगळा शॉटच नव्हता. म्हणून तिथे सुरुवातीच्या रिकाम्या हॉलचा तुकडा लावला. पण तुमचा हॉल रिकामा कुठे होता? लोक बसले होते की तिथे!"

तिने कोपरा मोठा करून दाखवला. मांडीवर कापडी पिशवी घेतलेली एक बाई. मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला माणूस. एकसारखे स्वेटर घातलेल्या दोघी, बहिणी असाव्यात. मागे आणखी काही चेहरे. घरची मंडळी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी दिसत होती. हे लोक मात्र मंचाकडे बघून मनापासून टाळ्या वाजवत होते.

"रिकाम्या हॉलच्या शॉटला टाळ्या कशाला वाजवेल कोणी?" धाकटा म्हणाला.

ताईची आधीची नोकरी विमा कंपनीत, अपघातांच्या चौकशीची. प्रत्येक अपघाताला कारण असतं, हा तिचा धर्म. सकाळचे प्रेक्षक लवकर येऊन बसले असतील. साफसफाईची माणसं असतील. मामाने कोणाला बोलावलं असेल. मामाने आत्याच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की त्याने कुणालाही बोलावलेलं नाही.

"माझ्या गळ्याची कशाला घेतोस?" आत्या म्हणाली. "आणि एवढं काय त्यात? तुमच्या माकडउड्या चालल्या होत्या तेव्हा ती मंडळी तिथेच बसून होती. भली माणसं वाटली. मी मानही हलवली त्यांच्याकडे बघून." आत्या अजून चष्म्याशिवाय सुई ओवायची.

शॉट तसाच ठेवला. पुन्हा घ्यायला थिएटर मिळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या कोपऱ्यानेच प्रसंगाला जीव आला होता.

काही महिन्यांनी सिनेमा पुरा झाला, पण तो दाखवायचा म्हटल्यावर मोठ्या थिएटरांनी दारातही उभं केलं नाही. जुन्या थिएटरचा मालक तेवढा तयार झाला, रोजचा एक सकाळचा खेळ. "पहिल्या दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर संध्याकाळी पोस्टर खाली," तो म्हणाला. घरची सगळी मंडळी कामाला लागली. मामाने गाडीवर कर्णा बांधला. आत्याने जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले आणि न येणाऱ्यांना अजूनही कोपऱ्यात उभं करीन असा दम भरला.

पहिल्या खेळाला निम्मा हॉल भरला. पडद्याकडे बघायचं ताईला धैर्य नव्हतं, ती मंचाच्या कडेला अंधारात उभी राहून लोकांचे चेहरे बघत होती. कोणी खोकलं की ती त्या रांगेकडे वाकून बघे. शेवटी आत्या पडद्यावर मान वर करून उभी राहिली, पडद्यावरच्या टाळ्या थांबल्या आणि हॉलमध्ये जीवघेणी शांतता पसरली.

मग मागच्या उजव्या कोपऱ्यातून टाळ्या सुरू झाल्या.

त्या पुढे सरकत आल्या, रांगेमागून रांग. बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. मामा लहान मुलासारखा रडत होता. धाकट्याने आत्याला उचललंच. पडद्याच्या उजेडात ताईला कोपरा स्पष्ट दिसला. मांडीवरची पिशवी. एकसारखे स्वेटर. गळ्यातली झोळी. इतक्या महिन्यांत त्या माणसाचा हात बरा झाला नव्हता.

दिवे लागले तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

"तिथली तिकिटं मी देतच नाही," खिडकीवरचा तिकीटवाला म्हणाला. "खुर्च्या मोडक्या आहेत हो. बसलं तर थेट जमिनीवर."

पण ताईला त्या दिवशी भ्यायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी हॉल भरला. तिसऱ्या दिवशी लोक पायऱ्यांवर बसले. मालकाने न मागता संध्याकाळचा खेळही दिला, आणि ज्या थिएटरांनी दार लावलं होतं त्यांचेच फोन यायला लागले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आत्याला रस्त्यात पोरी थांबवायला लागल्या. धाकटा दर खेळाला मागे उभा राहून आपलीच चित्रं पहिल्यांदा पाहिल्यासारखी बघायचा. त्याचा तो चेहरा बघून ताईला वाटे, जिंकलो. आणि दर खेळाला टाळ्यांची सुरुवात कोपऱ्यातून व्हायची.

आठवडा पुरा झाला त्या सकाळी दारावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली. आज त्या लोकांचे आभार मानायचेच, असं ताईने ठरवलं. कोण आहेत ते नंतर बघू. सिनेमा संपत आला तेव्हा ती कोपऱ्यालगतच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

टाळ्या टिपेला असतानाच ते उठले. एकामागून एक तिच्यासमोरून जाऊ लागले. झोळीवाल्याने मान लववली. दोघी बहिणी ओळखीचं हसल्या. पिशवीवाली बाई शेवटी होती.

"रोज येता तुम्ही," ताई म्हणाली. "फार आधार वाटतो. सिनेमा आवडला ना?"

"आवडला तर! तुमचे सगळेच आवडतात आम्हाला. पण पहिला तो पहिलाच."

ताई हसली. "अहो, मी हा एकच केलाय."

बाईंनी ते लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

"दुसरा तर किती गाजला," त्या मायेने म्हणाल्या. "फक्त निम्म्यानंतर कॅमेरा वेगळा वाटतो. साहजिकच आहे म्हणा. पण सुरुवातीला काळ्या पडद्यावर भावाचं नाव एकटं ठेवलंत, ते फार बरं केलंत."

"एकटं नाव?"

"खाली जन्माचं साल, रेघ, आणि पुढचं साल. ते बघून आम्ही सगळे उभे राहिलो होतो."

त्यांनी ताईच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि त्या बाहेर गेल्या. दाराबाहेर लख्ख ऊन होतं. जिन्यावर कोणी नव्हतं.

आत टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. गर्दीतून वाट काढत धाकटा धावत आला आणि त्याने ताईला गच्च मिठी मारली. तो घामाने भिजला होता, हसत होता.

"नोकरीवाल्यांना आत्ताच नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "बोल ताई, दुसरा कधी सुरू करायचा?"