अकरा घरं, एकच पत्ता

"कॉपी? मी आणि कॉपी?" खुशनुमा एवढ्या जोरात ओरडली की रोनकच्या हातातली चकली खाली पडली!

जळगावच्या विज्ञान शिबिराचा मेसेज आला होता. दोघांचे ऑनलाइन पेपर एकाच इंटरनेट पत्त्यावरून आले, म्हणून दोघांचीही नावं कापली होती. शिबिर परवापासून! पण खुशनुमाला लागलं ते वेगळंच. मेसेज वाचून अब्बूंनी हळूच विचारलं होतं, "बेटा, खरं काय ते सांग."

"आपण तर आपापल्या घरी बसून पेपर दिला," रोनक म्हणाला. "मधे तीन घरं आहेत!"

"मग त्या घरांचे पत्ते बघू की," खुशनुमाचा धाकटा भाऊ अतिक म्हणाला.

धरणगावच्या त्या गल्लीत तिघं दुपारभर हिंडले. घरात शिरायचं, मोबाइल तिथल्या वाय-फायला जोडायचा, पत्ता दाखवणारं पान उघडायचं आणि आकडे वहीत उतरवायचे. बेबाबाईंनी तर लाडू खाल्ल्याशिवाय सोडलंच नाही! अकरा घरं झाली. अकराही ठिकाणी तेच आकडे!

वही घेऊन तिघं धडकले ते इंटरनेट पुरवणाऱ्या हितेंद्रभाऊंच्या दुकानात.

"बठ्ठासले एकच शे! सगळ्यांना एकच!" भाऊ हसले. "जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर संपत आले, मला मोजकेच मिळाले. मग एकेक पत्ता शंभर घरांत वाटतो."

"माझ्या दादाजींच्या दुकानाच्या पत्त्यावर गल्लीभराचं टपाल येतं, तसं?" रोनकने विचारलं.

"तस्संच!"

"पण म्हणून गल्लीतली सगळी पत्रं माझ्या दादाजींनी लिहिली, असं कुणी म्हणत नाही!"

"नव्या पद्धतीचे पत्ते नाहीत का?" खुशनुमा म्हणाली.

भाऊंनी डोकं खाजवलं. "आहेत. घरटी वेगळा देता येईल एवढे. पण जुन्यावर चाललं होतं, म्हणून राहून गेलं."

"आणि इथे आमच्या ताईचं नाव कापलं!" अतिक उसळला.

भाऊ ओशाळले. "आजच कामाला लागतो," म्हणत त्यांनी शिबिराच्या मोहिनी मॅडमना फोन लावला.

"एक पत्ता म्हणजे एक घर. नियम म्हणजे नियम!" मॅडम ऐकेनात.

खुशनुमाने फोन घेऊन स्पीकरवर टाकला. "मॅडम, तुमच्या ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरवर पत्ता दाखवणारं पान उघडाल?"

पलीकडे खटखट झाली.

"दोन्हीकडे सारखाच आहे गं!"

"मग तुमच्यात कॉपी कुणी केली?"

मॅडमना हसू फुटलं. त्यांनी दोघांचे पेपर काढले आणि त्यांचा आवाज उतरला. "उत्तरं अगदी वेगळी आहेत. मी हे आधीच बघायला हवं होतं. चुकलं माझं. दोघंही परवा या."

"शाब्बास पोरांनो!" भाऊंनी टेबलावर थाप मारली. रोनक तर नाचायलाच लागला. खुशनुमा मात्र फोन सोडेना.

"मॅडम, अशी आणखी किती नावं कापलीत?"

"सतरा. एरंडोल, पिंपळनेर..."

"माझ्या अब्बूंसारखं त्यांनाही घरी 'खरं काय ते सांग' म्हणत असतील," खुशनुमा म्हणाली.

"आधी तुझ्या अब्बूंना फोन दे," मॅडम म्हणाल्या.

अब्बू नूर महंमद शेजारच्याच दुकानात शिवणकाम करत. अतिकने त्यांना ओढतच आणलं. ते मॅडमचं सगळं ऐकत राहिले. मग त्यांनी खुशनुमाच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहेस, बेटा. मी तुला तसं विचारायला नको होतं."

"अब्बू, ते नंतर! आधी फोन ठेवा," खुशनुमा डोळे पुसत म्हणाली. "मॅडमना अजून सतरा घरी सांगायचंय!"