चौथ्या पायरीवरचा दगड

मुलांनो, जरा श्वास रोखून धरा. धरलात? आता अशी कल्पना करा, की तो सोडल्यावर पुढचा मिळेल की नाही हे तुम्हांला ठाऊक नाही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जमिनीखालच्या वसाहतीत एकेचाळीस माणसं त्या दिवशी अशीच बसली होती. उच्छ्वासातला वायू बाहेर ढकलणारा पंप बंद पडला होता.

सकाळीच इंदुमती सोनटक्के यांनी वसाहतीच्या संगणकांवर नवी कार्यप्रणाली बसवली होती. पंप सांभाळणारा निशांत गावडे पंपाच्या खोलीत फुटलेली दुसरी झडप हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा होता.

"चाळीस वर्षं चाललेला पंप एका सकाळीत मोडलात, बाई!"

"पंपाला मी हातही लावलेला नाही, गावडे. फक्त पूर्वमेळ काढला. प्रणाली नवी आली तरी जुन्या यंत्रांशी जुन्याच रीतीनं वागायचं, तो पूर्वमेळ. त्याच्या ओझ्यानं सगळं मंदावलं होतं. गेल्या महिन्यात आगीचा इशारा नऊ सेकंद उशिरा वाजला. हात तुमचाच भाजला ना?"

"मग जुनी प्रणाली परत घाला."

"तिच्या जागेवरच नवी लिहिली. दुसरी प्रत पृथ्वीवर. उपग्रह डोक्यावर यायला अकरा तास."

"आणि हवा चार तासांची."

इंदुमतीबाईंनी फुटलेली झडप त्याच्या हातातून घेतली. "जुनी प्रणाली आधी झडप उघडायची, मग दट्ट्या हलवायची. मध्ये जरा रेंगाळायची. तेवढ्यात झडप पुरती उघडायची. नवी रेंगाळत नाही. दट्ट्या अर्ध्या उघड्या झडपेवर आदळतो."

"मग हिलाही रेंगाळू दे की!"

"पण किती वेळ? तो दोष होता, गावडे. दोष कोण लिहून ठेवतो? मी एक सेकंद धरला, तो कमी पडला, झडप फुटली. फार जास्त धरला तर वायू उलटा फिरून फोडेल."

खोक्यात एकच झडप उरली होती.

"चौथी पायरी," कोपऱ्यातून आवाज आला. निशांतची नऊ वर्षांची रेणू भिंतीला टेकून धापा टाकत होती. ती इंदुमतीबाईंना म्हणाली, "आजी, शाळा सुटल्यावर मी इथंच खेळते. 'टक्' झालं की शिडीवरून दगड सोडायचा. 'ढप्' व्हायला आणि दगड पडायला एकच गाठ पडली, तर मी जिंकले. चौथ्या पायरीवरून रोज जिंकते."

'टक्' म्हणजे झडप. 'ढप्' म्हणजे दट्ट्या.

"पोरगी घाबरलीय," निशांत पुटपुटला. "चुकेल."

"ती घाबरली असेल. दगड घाबरत नाही. चंद्रावर तो सावकाश पडतो, पण दर वेळी तेवढ्याच वेळात."

रेणूनं दहा वेळा दगड सोडला. बाईंनी वेळ मोजला. सरासरी निघाली एक पूर्णांक सात दशांश सेकंद. तेवढंच रेंगाळणं त्यांनी नव्या प्रणालीत घातलं. निशांतनं शेवटची झडप बसवली.

"बाबा, माझं चुकलं तर?"

रेणू पुन्हा चौथ्या पायरीवर चढली. बाईंनी कळ दाबली.

टक्.

तिनं मूठ उघडली. दगड खाली आला, तरंगत यावा तसा, आणि जमिनीला टेकला तेव्हाच भिंतीतून आवाज आला: ढप्.

इंदुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. निशांत लेकीला कवेत घ्यायला धावला. पण रेणू त्याच्या हाताखालून निसटली, दगड उचलला आणि पुढचं 'टक्' व्हायच्या आत पुन्हा शिडी चढू लागली.