मुझी जोनासचं कूळ

आमची ओळख झाली ती भांडणातूनच. स्टेडियमला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर मी मगविन्या तळत होते. मगविन्या म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. तेवढ्यात या माणसानं बरोब्बर माझ्या कानामागे उभं राहून भोंगा फुंकला. माझ्या हातातला गोळा थेट निखाऱ्यात.

"कान आहेत की नाहीत रे तुला?"

"होते. सकाळपासून हेच भोंगे विकतोय, आता काही ऐकू येत नाही. काय म्हणालीस — छान दिसतोस?"

"गाढव दिसतोस म्हणाले."

"तेच ते... गोड बोलतेस." असं म्हणून त्यानं काडीनं तो काळाठिक्कर गोळा निखाऱ्यातून उकरला, दोनदा फुंकला आणि माझ्या डोळ्यांत बघत खाऊन टाकला. राखेसकट. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण हसले.

आमचं म्बोम्बेला म्हणजे अभयारण्याला जाताना लोक पेट्रोल भरायला थांबतात ते शहर. फुटबॉलच्या विश्वचषकाचे चार सामने वाट्याला आले आणि अचानक जगाला आमची आठवण झाली. कधी न पाहिलेले लोक आमच्या वस्तीत खोल्या विचारत फिरू लागले. आईनंही मागची खोली रिकामी केली. संध्याकाळी घरी गेले, तर खोलीच्या दारात तोच राखखाऊ बसलेला. खाणीतली जुनी हेल्मेटं कापून त्यांना शिंगं नि पंख काढत होता. ती रंगवून तो सामन्याला येणाऱ्यांना विकायचा.

"देवा," मी म्हणाले.

"नाव मुझी आहे," तो म्हणाला. "पण चालेल."

दहा दिवस. फक्त दहा. जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा, पहाटे तोंडातून वाफा, बाजारात संत्र्यांचे ढीग. तो माझी चूल पेटवून द्यायचा, मी त्याच्या हेल्मेटांना पिवळा रंग द्यायचे. संत्रं सोलून तो अर्धं माझ्यापुढे धरायचा — बघायचा मात्र दुसरीकडेच. एकदा माझ्या गालाला रंग लागला होता, तर म्हणाला, "पुसू नकोस... विकत घेतो." असल्या फालतू बोलण्यानं बाई विरघळते म्हणतात ते खोटं नाही. मी विरघळले.

पण मी काही वेडी नव्हते. आमच्याकडे मुलगी आधी आडनाव विचारते, मग जीव लावते. एका कुळाची मुलं म्हणजे बहीण-भाऊ, मग ती चारशे किलोमीटर लांब का जन्मलेली असेनात. मी तेंगेतिले, सिग्वाने कुळातली. म्हणून तिसऱ्याच दिवशी विचारून घेतलं.

"जोनास," तो म्हणाला.

"हे कसलं आडनाव?"

"आजोबांचं. स्प्रिंग्सच्या खाणीत लागले तेव्हापासूनचं."

त्याआधीचं काय, हे मी विचारायला हवं होतं. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं... खरं सांगू? सुचलं होतं. उत्तर हवं तसं मिळालं होतं आणि मला तिथंच थांबायचं होतं.

बावीस तारखेला आमच्या संघानं फ्रान्सला हरवलं आणि तरीही तो स्पर्धेतून बाहेर पडला. आई टीव्हीसमोर बसून रडत होती. मुझीनं तिच्यासाठी केलेलं हेल्मेट आणलं, वर दोन शिंगं, मधोमध तिचं नाव. चर्चला टोपी नीट नसेल तर न जाणारी माझी आई ते शिंगांचं हेल्मेट घालून आरशासमोर मिरवायला लागली.

मग म्हणाली, "पोरा, तुझे आभार मानायचे, तर कुळाचं नाव नको का? नुसतं थँक्यू काय, दुकानदारही म्हणतो." मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आणि जावयाला हाक तरी कशी मारू गं मी?" मी लाजले. बघा, त्या क्षणी मी लाजत होते.

मुझी सरळ उभा राहिला. "आडनाव खाणीच्या कारकुनानं बदललं. आजोबांनी सांगितलं जोनास, ते तर त्यांचं नाव होतं, त्यानं तेच आडनावाच्या रकान्यात लिहिलं. पण कुळाच्या ओळी आजोबांनी आमच्याकडून पाठ करून घेतल्यात." आणि तो म्हणायला लागला. "पांढऱ्या खडकावरून उतरलेले, पुरात काठी रोवून उभे राहिलेले..."

तिसरी ओळ आईनं म्हटली. चौथी दोघांनी एकत्र. पाचवी मला लहानपणापासून येत होती.

आईनं त्याचे दोन्ही हात धरले. "सिग्वाने," ती म्हणाली. "अरे, तू तर आमचाच." तिला हसायचं होतं, आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. हेल्मेट काढून ती खाली बसली, ते मांडीवर घेऊन.

अंगणात मी त्याला गाठलं. "येत नाहीत म्हणायचंस ना ओळी! विसरलो म्हणायचंस! काय बिघडलं असतं?"

"आजोबांकडे दुसरं काही नव्हतं गं. आडनाव गेलं, गाव गेलं. एवढंच उरलं होतं." मग म्हणाला, "आमच्या स्प्रिंग्सला कूळ कोण विचारतंय... तू चल माझ्याबरोबर."

"आणि मागणी घालायला तुझे काका येतील ना? फाटकात उभं राहून कूळ सांगतील. आत माझे काका तेच कूळ सांगतील. मग?"

मला वाटत होतं त्यानं भांडावं. माझा हात ओढावा, काहीतरी मूर्खासारखं बोलावं, नेहमीसारखं. तो म्हणाला, "तेंगेतिले, मला माफ कर," आणि पहिल्यांदाच माझ्यापासून दोन पावलं लांब उभा राहिला.

आमच्या शहरातला शेवटचा सामना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला टॅक्सीतळावर सोडायला गेलो. आईनं त्याला भाकरी, कोंबडी आणि संत्र्यांची पिशवी दिली. पोटच्या पोराला द्यावी तशी. पंधरा माणसांची टॅक्सी भरत आली. मी खांबाजवळ उभी, तो दाराशी.

"अशी काय उभी राहिलीस?" आई म्हणाली. आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "आपल्या माणसाला असा निरोप देतात का?"

आमच्यात रक्ताच्या माणसाला निरोप देताना ओठांवर मुका घेतात. बाप लेकीचा घेतो, बहीण भावाचा. कुणी वळूनही बघत नाही. दहा दिवसांत तो दोनदा जवळ आला होता, आणि दोन्ही वेळा मीच तोंड फिरवलं होतं — घाई काय आहे म्हणून.

तो वाकला. संत्र्याचा वास आला. त्याचे ओठ गार होते, आणि आईसमोर, सगळ्या टॅक्सीसमोर, आम्ही भावा-बहिणीला शोभेल तेवढाच वेळ थांबलो.

खिडकीतल्या म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "भाऊ का गं तुझा?"

"हो," मी म्हणाले.