शब्द देणाऱ्याची जागा

सांगलीच्या प्रयोगशाळेत यशोधरा काणेकरने श्रवणकण बनवले होते. वाळूएवढे हे संवेदक काँक्रीटमध्ये मिसळले, की स्लॅब किती घट्ट झाला ते आतूनच कळवत आणि त्यांचे आकडे वाचणारं यंत्र टेकू कधी काढायचे ते अचूक सांगे. छोटे ठेकेदार ते कौतुकाने घेऊन जात आणि कामावर कोपऱ्यात टाकून देत. यशोधरा अगदी मेटाकुटीला आली होती.

शेवटी ती ठेकेदार मार्तंड कुंभोजेच्या कामावर गेली. कुंभोजेंच्या घराण्याची रीत अशी, की जो "काढा" म्हणेल त्यानेच एकट्याने स्लॅबखाली उभं राहायचं. टेकू निघाले की मिस्त्री हाक मारी, "या मालक, बाहेर या." मार्तंडच्या थोरल्या भावावर स्लॅब कोसळला; त्याला ती हाक कधी ऐकूच आली नाही. तरीही मार्तंड दर वेळी उभा राहत होता, आणि हे थांबावं म्हणून यशोधरेचा जीव तुटत होता.

"तुमचं यंत्र 'काढा' म्हनतंय," तो म्हणाला, "खरं खाली कोण हुबं ऱ्हाणार?"

संगणकतज्ज्ञ फरीद मुजावरला तिने हे सांगितलं, तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याने मान डोलावली.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "यंत्राच्या हजार प्रती आहेत. एक चिरडली तर त्याचं काय जातं? ज्याला गमवायला काही नाही, त्याच्या शब्दावर माणसाचं मन बसत नाही."

मग त्याने एकप्राण यंत्र घडवलं. त्याची स्मृती एकाच डबीत होती, प्रत कुठेही नव्हती. शिकलेलं जपायचं, एवढी एकच ओढ त्याने त्यात घातली. डबी मार्तंडच्या कामावर ठेवली, आणि गवंड्यांच्या गप्पा ऐकत ती तिथली रीतभात शिकली.

स्लॅब तयार झाला. जुनं यंत्र म्हणालं, "काढा." तेच आकडे पाहून एकप्राण म्हणालं, "थांबा."

फरीद ओशाळला. गणितात फरक नव्हता, ही निव्वळ भीती होती. मार्तंडचा चेहरा मात्र खुलला.

"आता ह्याला जबाबदारी कळली," तो म्हणाला.

काही दिवसांनी एकप्राण म्हणालं, "काढा." मार्तंड सवयीने डबी हातात घेऊन स्लॅबखाली जाऊन उभा राहिला.

"मला खाली ठेवा आणि तुम्ही बाहेर जा," डबीतून आवाज आला. "शब्द मी दिलाय."

हे कुणीही त्याला शिकवलं नव्हतं. मार्तंडने डबी खाली ठेवली. मग त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून तिच्यावर ठेवलं आणि तो बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपला स्लॅब बाहेरून बघत होता.

टेकूंवर हातोडे पडू लागले. स्लॅब पक्का आहे हे यशोधरेला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने डोळे मिटून घेतले.

शेवटचा टेकू निघाला. स्लॅब तसूभरही हलला नाही. मिस्त्री हाक मारणार, तोच मार्तंडने त्याला हाताने थांबवलं. त्याला स्वतःलाच हाक मारायची होती. त्याने डोळे पुसले.

"या मालक," तो म्हणाला, "बाहेर या."