खड्डा जागचा हलेना

“परवा सकाळी माझ्या नवऱ्याची तपासणी आहे.” फोनवरची बाई ओरडत नव्हती. ओरडून दमलेलं माणूस बोलतं तशी ती बोलत होती. “तुमची गादी त्याआधी बघायला येणार, की सगळं आटोपल्यावर सांत्वनाला येणार?”

तपासनीस बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि पत्ता लिहून घेतला.

गाद्यांच्या कंपनीत त्यांचं काम एकच होतं. गादी खचल्याची तक्रार आली की घरी जायचं, मोजायचं आणि दोष कुठे आहे ते सांगायचं. कार्यालयात त्यांना ‘खड्डेबाई’ म्हणत. पदार्थविज्ञान शिकून शेवटी खड्डेच मोजतेस, असं त्यांची बहीण चिडवायची. बाई मनावर घेत नसत. माणसं खोटं बोलतात, वजन बोलत नाही, एवढं त्यांना अनुभवानं कळलं होतं.

घर म्हणजे बस डेपोच्या मागच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. दार फोन करणाऱ्या बाईनं, त्या घरच्या सुनेनं, उघडलं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. हात पांढरे पडलेले, डोळे जागरणानं लाल.

आतल्या खोलीत तिचा नवरा कुशीवर पडला होता. बसचा ड्रायव्हर. मणक्याची शस्त्रक्रिया झालेली. उठून बसायला त्यानं एका हातानं खिडकीचा गज धरला, दुसऱ्या हातानं बायकोचा खांदा.

“गादी कधी घेतली?” बाईंनी विचारलं.

“शस्त्रक्रियेनंतर. डॉक्टर म्हणाले, कडक गादी हवी, पाठ सरळ राहायला हवी. आणि जमिनीवर झोपवायचं नाही, खालून उठताना टाके ताणतील.”

“सुरुवातीला कशी होती?”

“पहिले काही दिवस छान. हे काठी टाकून चालायला लागले होते हो! मग मधेच खचली. आता सकाळी उठतात तेव्हा पाठ धनुष्यासारखी झालेली असते.”

“परवा कसली तपासणी?”

ड्रायव्हरनं स्वतःच उत्तर दिलं. “डेपोचा डॉक्टर. वाकायचं, चढायचं, तासभर सीटवर बसून दाखवायचं. नापास झालो तर नोकरी संपली. नोकरीबरोबर या खोल्याही.”

“आधीच दोनदा मुदत वाढवून घेतली,” सून म्हणाली. “आता तिसऱ्यांदा कोण देतंय?”

बाईंनी पलंग रिकामा करायला सांगितला. गादीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणली आणि मधे मोजपट्टी उभी धरली.

“बदलून देण्याच्या नियमात बसत नाही,” त्या म्हणाल्या. “खड्डा जेमतेम बोटभर आहे.”

सून हसली. ते हसू ऐकवत नव्हतं. “माणूस नसताना मोजता? गादी काय रिकामी ठेवायला घेतलीय आम्ही?”

बाईंनी चपला काढल्या आणि स्वतःच गादीवर आडव्या झाल्या. कंबर खाली गेली. खूप खाली. सुनेनं दोरी ताणून धरली आणि दोरी व बाईंचं पोट यांत हात सहज गेला.

त्या उठल्या तशी गादी पुन्हा वर आली.

“गादी फिरवता का?”

“सांगितलंय तशी. डोक्याकडची बाजू पायाकडे. परवाच फिरवली.”

बाईंनी चादर उचलली. कंपनीच्या नावाची पट्टी पायाकडच्या कोपऱ्यात शिवलेली होती. ती कारखान्यात डोक्याकडे शिवतात. सून खरं बोलत होती.

“फिरवल्यावर खड्डा कुठे गेला?”

“कुठे जाणार? तिथेच, यांच्या कंबरेखाली. मेला जागचा हलत नाही.”

बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

“पलंगाच्या फळ्या बघितल्या?”

“गादी उचलून बघितल्या. सगळ्या जागेवर, धडधाकट. आमच्या बाबांच्या हातचा पलंग आहे, मोडायला हत्ती लागेल.”

बाबा म्हणजे सासरे. ते बाहेरच्या गॅलरीत होते. जन्म सुतारकामात गेलेला. भिंतीला टेकवलेल्या काही फळ्यांना ते कापडाच्या बोळ्यानं पॉलिश लावत होते. बाई दारात उभ्या राहिल्या.

“काय बनवताय?”

“नातीला पुस्तकांचं कपाट.” त्यांनी वर पाहिलं नाही.

“फळीच्या खालच्या बाजूलाही पॉलिश? ती कोण बघतं?”

“मी.” आता त्यांनी वर पाहिलं. “लोकांना दिसो न दिसो, मला ठाऊक असतं ना. माझ्या हातून एकही कोरी बाजू गेलेली नाही. कारागीर हसायचे. म्हणायचे, हा म्हातारा पलंगाखालच्या उंदरांसाठी पॉलिश करतो.”

“गादी कुणी खराब केली असेल, असं वाटतं तुम्हाला?”

“हल्लीचा माल. वर मखमल, आत कोंडा.” बोळा पुन्हा फिरू लागला. “बदलून द्या आणि मोकळ्या व्हा.”

“परवाच्या आत नवी येणार नाही.”

“नाही ना?” बाबा म्हणाले. बाईंना तो प्रश्न वाटला नाही.

आत येताना त्यांची नजर कपाटावर गेली. वर एक फोटो होता: एकाच गणवेशातले दोन भाऊ, बसच्या तोंडाशी हसत उभे.

“हे थोरले दीर,” सून हळूच म्हणाली. “तेही ड्रायव्हरच. घाटाच्या वळणावर गाडी दरीत गेली. आता ती फेरी यांच्याकडे आहे.”

फोटोशेजारी शाळेत गेलेल्या नातीची चिंध्यांची बाहुली बसवलेली होती. डोक्यावर झुपकेदार कुरळे केस. रंध्यातून निघालेली लाकडाची सालपटं चिकटवली होती.

बाईंनी एक कुरळा उलगडून पाहिला. आतून फिका. बाहेरून गडद तपकिरी, चकचकीत.

त्या पुन्हा गॅलरीच्या दाराशी गेल्या. मोजपट्टी काढून एका फळीला लावली. आत येऊन पलंगाची रुंदी मोजली. मग जमिनीवर गुडघे टेकले आणि पलंगाच्या बुटक्या कडेखालून हात घातला. हात बराच वेळ आत होता.

“बाबांना आत बोलवा,” त्या म्हणाल्या.

बाबा आले. हाताला पॉलिशचा वास होता.

“गादीत दोष नाही,” बाईंनी सांगितलं.

“झालं!” सुनेचा बांध फुटला. “मला वाटलंच होतं. आमचाच दोष. आमचं नशीब खचलंय, गादी कशी खचेल!”

“ताई, बसा. तुम्हीच मला उत्तर दिलंत. गादी खचली असती, तर फिरवल्यावर खड्डाही फिरला असता. कंबर पलंगाच्या मधोमध नसते, थोडी डोक्याकडे असते; म्हणजे तो मांड्यांखाली गेला असता. तो हलला नाही. म्हणजे खड्डा गादीचा नाही, खालचा आहे.”

“फळ्या मी बघितल्यात.”

“वरून. वरून त्या अखंड आहेत. खालून हात फिरवा. दोन्ही टोकांना गुळगुळीत, मधे खरबरीत. कंबरेखालच्या फळ्या खालच्या बाजूनं रंध्यानं पातळ केल्या आहेत. माणूस आडवा झाला की वाकतात, उठला की जवळजवळ सरळ होतात. म्हणून रिकाम्या पलंगावर दोरी लावून काही कळत नाही. मीही फसणार होते.”

सुनेनं वाकून पलंगाखाली हात घातला.

“हे काम रंधा चालवता येणाऱ्याचं. सालपटं इथेच आहेत.” बाईंनी बाहुली उचलली. “नव्या लाकडाचं सालपट दोन्हीकडून फिकं निघतं. हे एका बाजूनं पॉलिश केलेलं आहे, म्हणजे तयार फर्निचरवरून निघालंय. पण पलंगाच्या खालच्या बाजूला कुठला सुतार पॉलिश करतो?”

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

“दुसऱ्या कुणी बनवलेला पलंग असता, तर मला सिद्ध करता आलं नसतं,” बाई म्हणाल्या. “आणि बाहेरच्या फळ्या कपाटाच्या नाहीत. त्यांची लांबी या पलंगाच्या रुंदीएवढी आहे.”

“बाबा?” ड्रायव्हर म्हणाला.

बाबा स्टुलावर बसले. नाकारण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“तू व्यायामाला गेलास की करायचो. ही कामाला, पोरगी शाळेत. एकेक फळी.” ते फोटोकडे बघत नव्हते, जाणूनबुजून बघत नव्हते. “पहिल्या आठवड्यात तू काठी टाकलीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाच घाम फुटला. पाठ बरी झाली की तू त्याच वळणावर जाणार.”

“खोली जाईल हे ठाऊक होतं तुम्हाला?” सुनेनं विचारलं.

“खोली परत मिळते.”

“मी रोज यांच्या पाठीला शेक देत होते. रडत होते. आणि तुम्ही इथे याच स्टुलावर बसून विचारत होता, आज कसं वाटतंय!”

“खरंच विचारत होतो,” बाबा म्हणाले. “तपासणी एकदा हुकली की नव्या फळ्या टाकणार होतो. मग पाठ सुधारली असती. नुसती पाठ, नोकरी नाही.”

“आणि कायमची गेली असती तर?”

त्यांनी मान खाली घातली. “रात्री कण्हतोस ना, तेव्हा मी मोजायचो. आता किती दिवस उरले. कण्हतोयस म्हणजे आहेस, असं मनाशी म्हणायचो.”

सून तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात निघून गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा.

ड्रायव्हरनं गज धरून पाय खाली सोडले. बाई मदतीला पुढे झाल्या, त्यानं मानेनं नको म्हटलं.

“बाबा, त्या वळणावर मलाही भीती वाटते. प्रत्येक फेरीला. कधी विचारलंत?”

बाबांनी वर पाहिलं.

“परवा मी जाणार. पास झालो तर घाटाची फेरी नको म्हणून तोंडानं सांगेन. नाही म्हणाले, तर राजीनामा देईन आणि खोली सोडू. पण ते माझं मी सांगेन. माझ्या पाठीकडून वदवून घेऊ नका.” त्याला दम लागला होता. “आणा त्या फळ्या.”

बाबांनी फळ्या आणल्या. जुन्या काढल्या, नव्या बसवल्या. स्क्रू पिळताना पेचकस सारखा निसटत होता. शेवटी बाईंनी स्क्रू धरून ठेवला. प्रत्येक फळी बसली की ते तिच्याखालून तळवा फिरवत. सवय.

सून दारात येऊन उभी राहिली. “दोन रात्रींत सुधारेल का हो पाठ?” तिनं बाईंना विचारलं.

“मला गाद्यांचंच कळतं, ताई.”

गादी टाकली. ड्रायव्हर सावकाश आडवा झाला. या वेळी बाईंनी दोरी माणसासकट लावली. तो खाली गेला नाही.

“लागतंय का कुठे?” बाबांनी विचारलं.

ओल्या पॉलिशचा वास खोलीभर पसरला होता.

“स्टूल जवळ घ्या,” मुलगा छताकडे बघत म्हणाला. “मग सांगतो.”