मागच्या सीटचं वजन

पटो न पटो, घडलं ते असंच घडलं. माझ्या शेजारी बसून गाडी चालवणारा माणूस अजून हयात आहे. त्यानेही ते ऐकलंय.

रात्र नव्हती. सकाळचे आठ वाजले होते, लख्ख ऊन होतं. विमानं उतरायची बंद झालेली एक जुनी धावपट्टी. दोन किलोमीटर सरळ डांबर, दोन्हीकडे गवत. लपायला झाडसुद्धा नाही.

गाड्यांच्या एका मासिकासाठी आम्ही नव्या गाड्या तपासायचो. उभी गाडी ताशी शंभरचा वेग किती सेकंदांत पकडते, ते मोजायचं. गाडी मास्तर चालवायचा. पूर्वी लोकांना ड्रायव्हिंग शिकवायचा, म्हणून मास्तर. शेजारी मी, हातात स्टॉपवॉच. आणि मागच्या सीटवर आमची ही, वही-पेन्सिल घेऊन.

कारण मला लिहिता येत नव्हतं.

मी मान मागे न वळवता आकडा सांगायचो. ती लिहून घ्यायची आणि म्हणायची, "घेतलं."

बावीस वर्षं असं चाललं.

मग ती आजारी पडली. अंथरुणावर पडल्यापडल्या तिने मला अक्षरं शिकवली, आकडे गिरवायला शिकवले. माझा नऊ उलटा पडायचा, ती हसायची. म्हणायची, आता तुमचे आकडे तुम्हीच घ्या. मला वाटलं, थट्टा करतेय.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मी पुन्हा धावपट्टीवर गेलो. दोन छोट्या गाड्यांची तुलना होती. एक लाल, एक पांढरी. किंमत सारखी, इंजिन जवळजवळ सारखं. जास्त चपळ कोणती, एवढंच सांगायचं होतं.

आमच्या कामात वजनाला फार मान. टाकी अर्धी भरायची, डिकी रिकामी करायची आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं. एवढ्याशा गाडीत नऊ किलो वाढले की एक दशांश सेकंद जातो, हा आमचा ठोकताळा.

मी यायच्या आधी आमच्या मिस्त्रीने माझ्या जागी बसून दोन्ही गाड्या पळवून घेतल्या होत्या. तो माझ्यापेक्षा सहा किलो हलका, म्हणून पायाशी तेवढी वाळूची पिशवी. लाल गाडी बारा सेकंद. पांढरी बारा चार, म्हणजे बारा सेकंद चार दशांश.

मग मी बसलो.

लाल गाडी... बारा सहा.

पुन्हा पळवली. बारा सहाच.

मिस्त्री म्हणाला, काकांनी सकाळी काय खाल्लं ते आधी विचारा. मला परत काट्यावर चढवलं. वजन तेवढंच. ब्रेक तपासले, टायरची हवा तपासली, डिकी उघडली. काही नाही.

पांढरी घेतली. मी बसलो की तेरा. मी उतरून मिस्त्री बसला की बारा चार.

गाडी कुठलीही असो. मी बसलो की सहा दशांश जात होते.

मास्तरने बोटांवर हिशेब केला आणि हसला. "चोपन्न किलो, काका. कोणाला तरी लपवून आणलंय तुम्ही."

मी हसलो नाही.

चोपन्न हे तिचं वजन होतं. काट्यावर चढताना चपला बाजूला काढायची. म्हणायची, चपलांचा दोष माझ्या माथी नको.

मी पांढऱ्या गाडीत पुन्हा बसलो. मास्तरने गाडी सोडली. शंभरला काटा लागला, मी घड्याळ दाबलं. वही माझ्याच मांडीवर होती. तरी सवयीने आकडा मागे सांगितला, "तेरा."

आणि मागून...

"घेतलं."

मास्तरचा पाय पेडलवरून उचलला गेला. गाडी आपोआप मंद होत थांबली.

"काका, तुम्ही बोललात?"

मी हो म्हणालो.

भीती वाटली नाही, खरं सांगतो. चार महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला. मागे वळून बघितलं नाही. म्हटलं, वळलो आणि सीट रिकामी दिसली तर? मास्तरला म्हणालो, अजून एक घेऊ.

बारा नऊ.

"घेतलं..." आवाज जरा खाली गेला होता.

मी मनात हिशेब केला. पाच दशांश. पंचेचाळीस किलो. दवाखान्यात पहिल्यांदा दाखल केलं, तेव्हा नर्सने तिच्या कागदावर पंचेचाळीसच लिहिलं होतं.



मास्तरला थांब म्हणेपर्यंत त्याने गाडी वळवून पुन्हा सोडली होती.

बारा आठ.

मी आकडा सांगितला. मागे पेन्सिल कागदावर घासल्यासारखं झालं... मग नुसता श्वास. शब्द आलाच नाही.

छत्तीस किलो. तिचं शेवटचं वजन छत्तीस होतं. त्यानंतर तिला काट्यावर कोणी उभं केलं नाही.

मास्तरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खूश होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुधारतेय गाडी. पुढच्या फेरीला बघा, बारा चार. एकदम मोकळी पळणार."

बारा चार म्हणजे मागे कोणीच नाही. मी दार उघडलं आणि उतरलो.

चक्कर येतेय म्हणून सांगितलं. मास्तर गाडीने सोडतो म्हणाला, मी नको म्हणालो. फाटकापर्यंतचं सगळं डांबर पायी तुडवलं. पुढच्या महिन्यात मासिकात मिस्त्रीच्या फेऱ्यांचे आकडे छापून आले. लाल गाडी जिंकली.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते लिहितो.

ती गेली त्या सकाळी मला म्हणाली होती, "आज बसा ना जरा." मी म्हणालो, दोन गाड्या एकाच दिवसासाठी आल्यात, दुपारपर्यंत येतोच. दुपारी आलो तेव्हा नर्स चादर बदलत होती.

धावपट्टीवर तर मला कोणी बोलावलं नव्हतं, कुठली घाई नव्हती. ती मागे बसली होती. आणि तिथेही मीच आधी उठलो.

त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी गाडीत बसलो नाही. मुलगी चिडते, म्हणते, बाबा, या वयात किती चालणार? तिला काय सांगू?

पुढच्या फेरीला ती माझ्याशिवाय निघून गेली असेल का?

की छत्तीस किलोची होऊन, पेन्सिल धरून, अजून बसलीय... मी दार उघडून शेजारी बसेपर्यंत?