सहा सत्तावन्न

वकील श्रीनिवास गोळे खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा त्यांनी घड्याळ पाहिलं.

"प्रेमलाताई, उद्या अकराला मुंबईत सुनावणी आहे. तोवर मला गुन्हेगार हवाय."

"तयार माल आम्ही ठेवत नाही," प्रेमला जगताप म्हणाल्या. "गुन्हा काय?"

"एका डायरीतलं पान कुणीतरी खरवडलंय."

निवृत्त हवालदार संपतराव गेली सहा वर्षं प्रेमलाबाईंच्या बिबवेवाडीतल्या या खासगी तपासाच्या कचेरीत मदतीला होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. खून नाही, दरोडा नाही, खरवडलेलं पान म्हणजे त्यांना जरा कमीपणाच वाटला.

पण पानामागे खून होता, निदान खुनासारखंच काहीतरी होतं.

अकबर मोमीन इथलाच, मालवाहू जहाजावर खलाशी. पंधरवड्यापूर्वी, म्हणजे १९९० च्या एप्रिलात, जहाज आखातातून मुंबईला येत असताना इंजिनिअरने त्याला बंद टाकीत उतरवलं. आतली हवा विषारी होती आणि कुणी ती तपासली नव्हती. अकबर वर आला तो मेलेलाच. देह समुद्रात सोडला. घरी आली फक्त एक पेटी, तीत कपडे आणि डायरी.

"मग धरा की त्या इंजिनिअरला," संपतराव म्हणाले.

"किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत असता तर आपल्या पोलिसांनी धरला असता. त्यापुढचा खुला समुद्र साऱ्या जगाचा. तिथे जहाजावर झेंडा ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा. या जहाजावर झेंडा एका चिमुकल्या बेटाचा. इंजिनिअर दुसऱ्याच देशाचा, मालक तिसऱ्याच. बेटाला तीन पत्रं आणि दोन तारा केल्या. ढिम्म."

"आणि मेला तेव्हा जहाज होतं कुठे?"

"कंपनीची नोंदवही म्हणते, किनाऱ्यापासून अडीचशे मैल. अकबरची डायरी वेगळं म्हणते." गोळ्यांनी डायरी उघडली. शेवटचं पान निळ्या बॉलपेनचं होतं.

*६.५७. मुंबईचे दिवे दिसतात. साहेब टाकीत उतर म्हणतो. हवा तपासली का विचारलं तर शिवी दिली. उतरतो.*

"याच पानावर मी कोर्टाकडून जहाज मुंबईत अडकवून ठेवलं. आता कंपनीचे वकील म्हणतात, पान खोटं. भिंगातून पाहिलं तर खरंच खरवडलंय, वरचा आकडा आणि पहिली ओळ. हे काम त्यांच्या एजंटचं, जयसिंग घाटगेचं. माझ्या कचेरीत दहा मिनिटं डायरी त्याच्या हातात होती. होतं तेच पुन्हा गिरवून त्याने पुरावा नासवला. एवढं सिद्ध करा. नाहीतर उद्या जहाज सुटलं म्हणून समजा."

प्रेमलाबाई मागची पानं उलटत होत्या. आदल्या दिवसाच्या माथ्यावर ७.३८, त्याच्या आदल्या दिवशी ७.५८.

"हे आकडे कसले?"

"ड्यूटीच्या वेळा असतील. मी लक्ष दिलं नाही."

जयसिंग घाटगे कॅम्पातल्या थंडगार कचेरीत भेटला. त्याने चहा विचारला नाही. पुण्यात त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही.

"पेटी मीच मोमीनांच्या घरी पोचवली," तो म्हणाला. "आणि मी डायरी कशाला बिघडवू? आमच्याकडून कुठलाही कागद बाहेर जातो तो झेरॉक्स काढूनच. तुमच्या वकिलांना सांगा, उद्या कोर्टात भेटू."

"लई माज आलाय," संपतराव जिन्यात पुटपुटले. "यानंच केलंय."

प्रेमलाबाई पुढे उतरत राहिल्या. तो झेरॉक्स शब्द त्यांना अजिबात आवडला नव्हता.

मोमीनांचं घर म्हणजे दोन खोल्या. अकबरची आई अख्तरबानू दाराशी बसली होती. धाकटा नासिर पाट्या रंगवायचा, त्याच्या नखांत अजून पिवळा रंग होता. रमजानभर तो भायखळ्यात कामावर होता आणि तिथेच रोजे सोडत होता. भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा एक दिवस येऊन गेला, मग ईदलाच परतला.

"कुठल्याही माणसाचं अक्षर काढता येतं तुम्हाला?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"धंदाच आहे, बाई. पण भावाचं कशाला काढू?"

संपतरावांनी अर्थपूर्ण खाकरून दाखवलं. त्यांचा संशय जयसिंगवरून उतरून आता नासिरवर बसला होता.

अकबरची बायको कमरजहां पाणी घेऊन आली. पंचविशीची असेल. प्रेमलाबाईंनी तिच्याकडून अकबरच्या बोटीवरच्या मित्राचा पत्ता लिहून घेतला.

"अक्षर सुरेख आहे."

"त्यांनीच शिकवलं. निकाहाच्या वेळी मला सहीपण येत नव्हती."

"बोटीवर तो कुठली वेळ पाळायचा?"

उत्तर म्हातारीने दिलं. "घड्याळ इथल्याच वेळेवर. कुठंपण असला तरी बदलायचा नाही. म्हणायचा, अम्मी, तू आत्ता काय करत असशील ते मला कळतं."

पेला ठेवायला प्रेमलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीवर एका अत्तरवाल्याने वाटलेला पुण्याच्या रोजाच्या वेळांचा छापील तक्ता होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, एका तारखेपाशी थांबल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. इतकं वाईट त्यांना या धंद्यात क्वचितच वाटलं होतं.

"संपतराव, गोळ्यांना फोन करून इथेच बोलवा."

तासाभराने गोळे धापा टाकत आले.

"उद्या जयसिंगवर आरोप करू नका," प्रेमलाबाई म्हणाल्या. "खोटे पडाल. माथ्यावरचे आकडे ड्यूटीचे नाहीत. अकबर ज्या मिनिटाला रोजा सोडायचा ते मिनिट आहे. भर समुद्रात तक्ता कुठला? सूर्य बुडाला की घड्याळ बघायचं. घड्याळ इथल्या वेळेवर, म्हणून जहाज पूर्वेला येईल तसा आकडा कमी होत जातो. सात अठ्ठावन्न, मग सात अडतीस. रोज वीस मिनिटं, कारण जहाजाचा वेग तोच."

"मग तिसऱ्या दिवशी सात अठराच्या आसपास," संपतराव बोटं मोजत म्हणाले.

"आणि पानावर आहे सहा सत्तावन्न. बरं, एकवेळ जहाज उडत आलं म्हणू. पण मुंबई आपल्या पश्चिमेला, तिथे सूर्य चार मिनिटं उशिरा मावळतो. मुंबईचे दिवे दिसत असते तर आकडा सात वाजून एक मिनिट असता. सहा सत्तावन्न ही त्या तारखेची पुण्याची वेळ आहे. पुण्याला समुद्र नाही."

गोळ्यांनी डायरी उघडून ते पान पुन्हा पाहिलं; प्रेमलाबाई बोलतच होत्या.

"जयसिंग पान कंपनीच्या विरुद्ध कशाला फिरवेल? गोळे, तुम्हाला आकड्याचा अर्थच माहीत नव्हता, तुम्ही फक्त ओळ बदलली असती. नासिर महिनाभर मुंबईत रोजे सोडत होता, त्याने मुंबईची वेळ घातली असती. ज्याने रोज पुण्याचा तक्ता बघून रोजा सोडला आणि ज्याला अकबरसारखं अक्षर येतं, असं माणूस या घरात एकच आहे."

कमरजहांने पदर तोंडाशी धरला होता. तो तिने खाली केला.

"वकीलसाहेब त्या दिवशी इथं बसून म्हणाले, बारा मैलांच्या आत असता तर कोर्टानं विचारलं असतं. डायरी तेव्हा घरातच होती, त्यांनी उघडलीही नव्हती. मी रात्रीत ब्लेड घेतलं. आकडा मोठा होता, मोठा म्हणजे लांब, एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं, घराजवळ आला असता तर आमच्याबरोबरच रोजा सोडला असता."

"आधी काय होतं पानावर?"

"सात सतरा. चहूकडे पाणी."

गोळे तिच्यासमोर बसले. "वहिनी, खालच्या ओळींना हात लावला नव्हता ना तुम्ही? हवा तपासली का विचारलं, शिवी दिली... तेवढाच पुरावा होता हो. आज ना उद्या त्या बेटाच्या कोर्टात तरी..."

"आता त्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "जयसिंगकडे मूळ पानाची झेरॉक्स आहे. उद्या मूळ डायरी कोर्टापुढे ठेवलीत तर तो ती काढील, आणि इंजिनिअरऐवजी ही पोरगी आत जाईल."

"आपण बोललोच नसतो तर?" संपतरावांनी हळूच विचारलं.

नासिर भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हातारी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला किती कळलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांनी अर्ज मागे घेतला. दुपारच्या भरतीला जहाज सुटलं, इंजिनिअर त्याच्यावरच होता. बातमी सांगायला प्रेमलाबाई स्वतः गेल्या. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हती.

कमरजहांने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ते मेले ती जागा कुणाची म्हणालात?"

"सगळ्या जगाची."

"मग सगळ्या जगातून एकानं तरी विचारायचं ना, काय झालं म्हणून."

प्रेमलाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या.